खुशीचं अर्पण

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसले होते. फोन अनिलचा, त्यांच्या मुलाचा, पुण्याहून. "ताई, नाना गेले. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, दार उघडेना..." मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाला, "तू निघ. मी पोचेपर्यंत तिथं आपलं कुणीतरी हवं. आणि कब्रस्तानाचं काय करायचं, मला काही सुचत नाहीये." आमच्या जळगावच्या चर्चच्या मंडळीत कुणी गेलं की व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लगेच मेसेज पडतो, 'प्रभूमध्ये झोपी गेले', आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. बसमध्ये बसल्यावर मी ग्रुप उघडला. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, रविवारच्या उपासनेची वेळ होती. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, नानांचं नाव काही आलं नाही. ज्या माणसाने अर्धं आयुष्य त्या मंडळीची तिजोरी सांभाळली, तो तिथं कुणाचाच राहिला नव्हता.

नाना म्हणजे प्रभाकरनाना. नात्याने ते आमचे कुणी नव्हेत. जळगावात आमचं घर आणि त्यांचं घर समोरासमोर. माझे वडील लवकर गेले, त्यानंतर माझ्या शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत जिथं जिथं पुरुषमाणूस लागला तिथं नाना उभे राहिले. ते आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचे. उंच, काटकुळे, शर्टाच्या बाहीवर ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं. मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, त्यामुळे मन भरून आलं की प्रमाण मराठी सोडून अहिराणीत शिरायचे. आणि चर्चचे खजिनदार. माझ्या आठवणीत तरी दुसरं कुणी खजिनदार नव्हतंच.

ख्रिस्ती घरात दशमांश नावाची एक गोष्ट असते. आपल्या कमाईचा दहावा भाग देवाचा, तो चर्चला द्यायचा. बरेच जण जमेल तसं देतात, काही जण देत नाहीत, आणि पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, अधूनमधून त्यावर उपदेश करतात. नानांच्या घरी यात 'जमेल तसं' नव्हतं. पगाराच्या दिवशी सायकल भिंतीला टेकवून ते थेट आतल्या खोलीत जायचे, दहावा भाग पाकिटात घालायचे आणि मगच पायातल्या चपला काढायचे. कधी अक्का, म्हणजे त्यांची बायको, साखरेचा रिकामा डबा घेऊन दारात उभी असायची. ती हसून म्हणायची, "देवाला फिका चहा चालतो का विचारा." नाना चिडायचे नाहीत. कॉलेजात असताना मी एकदा त्यांच्याशी वाद घातला होता. म्हटलं, नाना, देणं मनापासून असावं, सक्तीने दिलं तर त्यात काय अर्थ? ते म्हणाले, "मनावर सोडलं ना बेटा, की मन रोज नवं कारण काढतं. आज पाहुणे आले, उद्या गॅस संपला. हाताला वळण लागलं की मनाला विचारावं लागत नाही." मग अहिराणीत, सगळं त्याचंच आहे अशा अर्थाने, "बठ्ठं त्यानंच शे. आपलं काय शे?" मला आजही वाटतं, त्या वादात ते चुकीचे नव्हते.

अक्काचं देणं वेगळं होतं. दहावा भाग नानांनी बाजूला काढला की उरलेल्यातून ती दारावर येईल त्याला देत सुटायची. भांडीवालीच्या पोरीला चपला, शेजारच्या आजीला औषध, कुणाला पीठ, कुणाला नुसतंच बसवून पोटभर जेवण. दिलेलं तिच्या लक्षातही राहायचं नाही. घरात कित्येकदा भाजी नसायची आणि ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा यायचा. नाना मुकाट्याने जेवायचे. अक्काच्या देण्याला ते 'उधळण' म्हणायचे, पण तिला कधी अडवल्याचं मी पाहिलं नाही. दोघांचं असं कितीतरी वर्षं छान चाललं होतं.

पुढे दिवस पालटले. चर्चला बाहेरून जी मदत यायची ती हळूहळू आटली आणि मग बंदच झाली. पाळकांचा पगार, छपराचे गळके पत्रे, विजेचं बिल, सगळं मंडळीवर आलं. पंचमंडळीची, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाची बैठक झाली, तीत ठरावाचा मसुदा नानांनीच लिहिला. नियमित दशमांश देईल तो पूर्ण सभासद. पूर्ण सभासदालाच मतदान आणि पूर्ण सभासदाच्या घरच्यांनाच कब्रस्तानात जागा. अर्पणाच्या थैलीत किंवा सणाला कुणी जे काही घालेल ते 'खुशीचं अर्पण'. त्याचे आभार मानायचे, पण ते दशमांशात धरायचं नाही. नानांना हे अगदी स्वच्छ आणि न्यायाचं वाटत होतं. गरीब असो की श्रीमंत, दहावा तो दहावाच, त्यात कुणाची भीड नाही, असं ते मला फोनवर समजावून सांगत होते. कब्रस्तान लहान, माणसं वाढलेली, कुठेतरी रेघ ओढायला हवी होती, हेही खरं होतं.

त्या रेघेच्या पलीकडे कोण पडणार, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

असोद्याहून सोनाबाई नावाची एक बाई चर्चला यायची. मूळची यावलकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. नवरा वारल्यावर लेकीला घेऊन असोद्याला आली आणि केळीच्या बागांत मजुरीला लागली. तिची कमाई म्हणजे काम मिळालं तर मिळालं, त्याचा दहावा भाग कसा काढणार? पण ती रिकाम्या हाताने कधी आली नाही. कधी अर्धी फणी केळी, कधी भरताची वांगी, कधी शेवग्याच्या शेंगांची जुडी. हंगामाच्या सणाला, म्हणजे पीक घरात आल्यावर देवाचे उपकार मानतात त्या रविवारी, उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो. सोनाबाईची वांगी घेण्यासाठी नाना आणि दुसरे एक निवृत्त मास्तर हटकून चढाओढ करायचे आणि सगळं चर्च हसायचं. लेक सुनीता आईच्या शेजारी बसून मोठ्या, थोड्या बेसूर आवाजात गाणी म्हणायची. सोनाबाईने दिलेलं सगळं खुशीचं होतं. त्यामुळे नियमाने तिच्या नावावर काहीच नव्हतं.

ती घटना घडली तेव्हा मी मे महिन्याच्या सुटीत जळगावला आईकडे आले होते. केळीच्या बागेत सुनीताला साप चावला. आमच्याकडे जुनी माणसं 'पान लागलं' म्हणतात, साप शब्दही उच्चारत नाहीत. सरकारी दवाखान्यात आणेपर्यंत ती गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सोनाबाई तिला घेऊन चर्चच्या फाटकाशी आली, एका मुसलमान टेम्पोवाल्याच्या गाडीतून. बातमी कळताच नाना, अक्का आणि मी धावत गेलो. जळगावचं ऊन, डांबर पायाला चिकटत होतं. टेम्पोत पोरीवर पांढरी चादर होती आणि सोनाबाई तिच्या डोक्याशी बसून पदराने नुसती माश्या वारत होती. रडत नव्हती. तिला वाटत होतं, आता दार उघडतील, घंटा वाजेल, आपली माणसं येतील.

पाळकसाहेब बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. त्यांचा चेहरा पडला होता. नाना म्हणाले, "साहेब, जागा काढू या. मी मजूर बोलावतो." पाळकसाहेब त्यांना बाजूला घेऊन गेले, मी जवळच होते. ते म्हणाले, "नाना, नियम तुम्हीच लिहिलाय. मागच्या महिन्यात एका घराला आपण याच कारणावरून नाही म्हणालो. आज हिला हो म्हटलं तर ते उद्या माझ्या दारात येऊन बसतील." तेवढ्यात पंचमंडळीतले आणखी दोघे आले. एकजण तावातावाने म्हणाला, "आम्ही पोटाला चिमटा काढून भरतो ते कशासाठी?" नाना म्हणाले, माझ्या नावावरची जागा द्या. त्यावर उत्तर आलं की जागा बदलून देता येत नाही. ते कलमही त्यांनीच घातलं होतं. नाना हात जोडून उभे राहिले. आयुष्यात त्यांना कुणापुढे हात जोडताना मी तेव्हाच पाहिलं... बोलणी लांबत गेली. ऊन चढत गेलं. शेवटी टेम्पोवाला खाली उतरला, सोनाबाईला म्हणाला, "चल बहन, इसको और धूप में मत रख." अक्काने नानांकडे एकदा पाहिलं, आणि टेम्पोत सोनाबाईशेजारी चढून बसली. मीही चढले. नाना फाटकाशी पाळकांचा हात धरून अजून विनवत होते. गाडी निघाली ते त्यांना कळलंच नाही.

असोद्याच्या नाल्याकाठी एका शेतकऱ्याने बांधाचा कोपरा दिला. टेम्पोवाल्याने फावडं मारलं, भाडं घेतलं नाही. प्रार्थना अक्कानेच म्हटली, तोंडाला आली तशी. सोनाबाईने माती टाकली आणि घरी जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर ती चर्चला आली नाही.

त्यानंतरचे नाना मला आठवतात ते सतत कुणाला तरी काही पटवून देताना. नियम बदला म्हणून त्यांनी प्रत्येक बैठकीत विषय काढला, घरोघर फिरले. लोक चहा द्यायचे, मान डोलवायचे, आणि हात वर करायची वेळ आली की खाली बघायचे. कुणाचं चुकतही नव्हतं. ज्यांनी ओढाताण करून भरलं होतं त्यांना आता ते उगाच भरलं असं वाटायला नको होतं. पुढच्या वर्षी अक्का गेली, झोपेतच. तिला कब्रस्तानात चांगली जागा मिळाली, झाडाखाली. मातीचा विधी आटोपल्यावर नाना मला म्हणाले, "हिने जन्मभर वाटलं त्याचं इथं कुणी काही विचारलं नाही. माझ्या पावत्यांवर जागा मिळाली तिला." त्याच महिन्यात त्यांनी खजिनदारपद सोडलं आणि दशमांश देणंही बंद केलं.

मला वाटलं, आता नाना मोकळे होतील. नियमाचं ओझं गेलं, आता अक्कासारखं खुल्या हाताने देतील, सुखाने राहतील. सुरुवातीला त्यांनी तसा प्रयत्न केलाही. पेन्शन आली की कुणाला काय हवं ते शोधत निघायचे. पण अक्काला जे सहज जमायचं ते त्यांना जमेना. ती देऊन विसरायची. यांना देताना समोरच्याच्या डोळ्यांत काहीतरी दिसावं असं वाटायचं आणि ते दिसायचं नाही. काही लोकांना म्हाताऱ्याची ही सवय लवकर कळली. खोटी आजारपणं सांगून नेणारे आले, गल्लीतला एकजण तर दर महिन्याला ठरवून यायचा. नानांना कळत होतं, तरी ते द्यायचे. एका दिवाळीच्या सुटीत मी गेले तेव्हा अंगावरचा शर्ट कॉलरीला उसवलेला, स्वयंपाकघरात बिस्किटांचे पुडे आणि दुधाच्या पिशव्या. मी रागावले. ते ओट्याला टेकून उभे होते, म्हणाले, "पूर्वी दहावा भाग दिला की काम संपायचं. रात्री झोप लागायची. आता मनाने देतो ना, तर मन म्हणतं, कमी दिलंस. कितीही दिलं तरी म्हणतं, कमी दिलंस... संपतच नाही हे." मी म्हटलं, अक्काला कधी असं वाटलं नाही. "तिला काही फेडायचं नव्हतं," ते म्हणाले.

सोनाबाईकडे ते जायचे. सिटी बस पकडून असोद्याला, कधी किराणा घेऊन, कधी नुसतेच. एकदा हट्टाने मला बरोबर नेलं. तिचं पत्र्याचं घर, बाहेर चूल. ती कामावरून नुकतीच आली होती, हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. तिने आम्हाला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. नानांनी पिशवी पुढे सरकवली. ती पिशवीकडे बघतसुद्धा नव्हती. म्हणाली, "नाना, तुमी आले, बसले, पानी पेले, झालं. हे घेऊन जा."

"सोनाबाई, माझी खुशी म्हणून घे."

"तवा माही पोरगी उन्हात व्हती," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तवा पाहिजे व्हतं. आता कशाले?"

परत येताना ती पिशवी नानांनी बसमध्ये मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. जळगावात उतरल्यावर स्टँडवरच्या एका म्हातारीसमोर ठेवली आणि मागे न बघता चालू लागले.

आमची शेवटची भेट यंदाच्या थंडीतली. छातीत दुखतं म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी औषधं लिहून घेतली आणि आणली नाहीत. निघताना मला दारात थांबवून म्हणाले, "अनिल ऐकणार नाही, म्हणून तुला सांगतो. मला कुठंही ठेवा, पण पैसे भरून ठेवू नका." मी म्हटलं, असं काय बोलता नाना. ते म्हणाले, "हो म्हण." मी हो म्हटलं.

अनिल पोचला तेव्हा मी त्याला हे जसंच्या तसं सांगितलं. तो प्रवासाने आणि रडण्याने पार थकला होता. म्हणाला, "ताई, मग कुठं ठेवू त्यांना? आईच्या शेजारची जागा रिकामी आहे. नाना म्हणाले म्हणून मी त्यांना रस्त्याकडेला ठेवू?" दुसरी जागा शोधायला वेळ नव्हता, ओळखी नव्हत्या, आणि घरात बर्फाच्या लाद्या वितळत होत्या. मी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "माझे वडील आहेत ते." मग तो पाळकसाहेबांच्या खोलीत गेला. मागचा राहिलेला सगळा दशमांश त्याने फोनवरून भरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पावती होती, आणि ती कुठं ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. घंटा वाजली. ग्रुपवर मेसेज पडला, 'प्रभूमध्ये झोपी गेले', जोडलेले हात आले. उपदेशात पाळकसाहेबांनी नानांच्या चोख देण्याचं उदाहरण तरुणांना घालून दिलं. ते मनापासून बोलत होते. मधल्या वर्षांबद्दल ते बोलले नाहीत. मी माती टाकली आणि बाजूला झाले.

धुळ्याला परतल्यावर काही दिवस मी सोनाबाईला कळवायचं की नाही याचा विचार करत होते. शेवटी एका रविवारी गेले. असोदा ओळखू येत नव्हतं, जळगाव पार तिथवर येऊन भिडलंय, जिथं तिथं प्लॉटचे बोर्ड. सोनाबाई घरीच होती, केस पूर्ण पांढरे झालेले. मी सांगितलं, नाना गेले. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग विचारलं, "कुठी ठेवलं?"

"चर्चच्या कब्रस्तानात. अक्काच्या शेजारी."

"मंग पैसे भरले असतीन," ती म्हणाली. टोमणा नव्हता. पाऊस पडला असेल म्हणावं, तसं म्हणाली.

उठताना माझं लक्ष तिच्या घराच्या भिंतीकडे गेलं. तिथं लोखंडाची एक जाळी टेकवून ठेवली होती, कबरीभोवती लावतात तशी, कमरेइतकी उंच, मधल्या पट्टीत छोटा क्रूस. प्रत्येक जोड घासून गुळगुळीत केलेला. असा जोड कुणाच्या हातचा असतो ते मला विचारावं लागलं नाही. ही त्यांनी कधी केली, म्हातारपणी कुणाच्या दुकानात बसून केली, इथवर कशी आणली, मला कधीच बोलले नव्हते. सोनाबाई म्हणाली, "त्याहीनच आनली व्हती, सुनीतावर लावाले. मी सांगतलं, घेऊन जा. नेली नही त्याहीनं." पुढे म्हणाली, "मंग औंदा वाटलं, लाऊन टाकू. म्हातारा मानूस, इतकी मेहनत करेल व्हती. नाल्याकडे गेली त तठी प्लॉट पाडेल व्हते. बठ्ठं सपाट. पोरगी कुठी व्हती तेच समजेना..."

जाळीवर तिचं ओलं लुगडं वाळत घातलेलं होतं. लोखंडाला गंज चढला होता आणि लुगड्याच्या काठावर त्याचे तांबूस डाग उतरले होते. तिने लुगडं उलटं केलं, दुसरी बाजू उन्हाकडे केली आणि आत निघून गेली.